काळी तीनमधलं गाणं

२१ ऑगस्ट १९७८
तालमीत ऑर्केस्ट्राच्या मालकांनी माझं ‘थांब जरा’ हे गाणं इक्बालला दिलं. मी नुसतं अ‍ॅकॉर्डियन वाजवायचं म्हणे. ऑर्केस्ट्रात सात वर्षं मी दोन्ही करतोय, तेव्हा कुणाला अडचण नव्हती. इक्बाल दिवसा शिलाईच्या दुकानात बसतो. गाणं शिकलेला नाही.

२४ ऑगस्ट
शिकला नाही तेच बरं झालं की काय. आवाज रेटत नाही. ‘थांब’ म्हणतो आणि खरंच थांबतो. मग ‘जरा’ नुसता श्वासातून सुटतो, बाईला हाक मारताना धीर गळावा तसा. मी तिथं मुरकी घ्यायचो. टाळ्या पडायच्या. आज ती मुरकी स्वतःलाच पोकळ वाटली. जळतोय मी. कुणाला सांगू?

२९ ऑगस्ट
सुमी काल तालमीला आली होती. आज भाकऱ्या थापताना गुणगुणत होती. त्याच्यासारखं, मध्ये थांबून. लग्नाला नऊ वर्षं झाली, माझी मुरकी कधी तिच्या तोंडात आली नाही. भाकरी करपतेय म्हणून ओरडलो. करपत नव्हती.

२ सप्टेंबर
इक्बाल काळी दोनच्या पट्टीत गातो. राजारामपुरीच्या गणपतीत सुरुवातीचे सूर मीच धरणार. त्याला न सांगता वरची पट्टी, काळी तीन, धरायची. एवढ्या वर गळा फाटणार, पब्लिक शिट्ट्या मारणार. पाप आहे. तरी...

९ सप्टेंबर
केलं. गिटारवाल्यानं डोळे वटारले, पण आला मागोमाग. इक्बालनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि गायला लागला. वरच्या ‘थांब’ला आवाज फुटला. मी शिट्ट्यांची वाट बघत होतो. एकही आली नाही. मग वन्स मोअर. सुमी पहिल्या रांगेत पदर डोळ्याला लावून. माझेही डोळे भरले, मेल्यानं गायलंच तसं.

११ सप्टेंबर
मालकांचा हुकूम, आता हे गाणं काळी तीनमध्येच. १४ला वारणानगरला खास मागणी आहे. इक्बाल पेढे घेऊन घरी आला, वाकून पाया पडला. “दादा, तुमी पट्टी चढवलासा म्हणून गाणं घावलं. मला एकट्याला धाडस झालं नसतं.”
तो गेल्यावर सुमी म्हणाली, “एवढं मोठं मन हाय तुमचं, मला कधी कळलंच न्हाई.”
हातातला पेढा परत खोक्यात ठेवला.

१३ सप्टेंबर
सकाळी इक्बाल दारात. गळा बसलाय, शब्द नीट उमटत नाही. दोन दिवस सारखी वरच्या पट्टीत तालीम केली त्यानं. “उद्या काळी दोनच धरा दादा. मालकास्नी सांगू नगा, न्हाईतर गाणं काढून घेतील.”
मालकांना सांगितलं तर गाणं माझं. न सांगता काळी तीन धरली, तो स्टेजवर पडला, तरी माझंच. सुमी वारणानगरला येणार आहे, लुगडं इस्त्रीला दिलंय.
“बघू,” म्हटलं. तेवढ्यावर तो खूश होऊन दुकानाला गेला.