नानांच्या दारावर

धुळे, मंगळवार, दिवेलागण

आज गल्लीतल्या नानांच्या दारावर बसायला गेले. गेलेल्या माणसाच्या ओट्यावर दहा दिवस गल्लीने टेकायचं, ही इथली रीत. पण ओटा कुठाय? मुलाने तो फोडून मोबाइल कव्हरच्या दुकानाला जागा दिली. सगळ्या गल्लीचं तेच झालंय, खाली शटर आणि वर माणसं. आम्ही बाया रस्त्यातच सतरंजीवर बसलो, तर मोटारसायकली हॉर्न वाजवत अंगावर. शेवटी दुकानदार बाहेर येऊन हात जोडून म्हणाला, "ताई, जरा सरका ना, गिऱ्हाईक परत जातंय." त्याचं तरी काय चुकलं? नानांच्या मुलानेच मान खाली घालून सतरंजी गुंडाळली. सुतकातल्या घरची सतरंजी!

निघताना नानांच्या बायकोने, अक्कांनी, माझा हात धरला. "उद्यापासून तुना ओटावर बठूत का वं? गल्लीमा तेवढाच ऱ्हायना."

गल्लीत आता आमचाच ओटा राहिलाय, हे खरंच. मी लगेच "हो अक्का" म्हणाले.

उद्या सकाळी आमचा ओटा फोडायला मिस्त्री येणार आहे. हे मला माहीत होतं, तरी म्हणाले.