फर्डिसन घरी आला

२२ एप्रिल २०२४, सोमवार

कोर्टाचा निकाल लागला! पुरुषानं पुरुषाशी संबंध ठेवणं आता आमच्या बेटावर गुन्हा नाही. आजवर त्यासाठी दहा वर्षांची कैद होती. बातमी ऐकली आणि आधी रेडिओ बंद केला – आतल्या खोलीत आई जागी होती. मग मागच्या दारी जाऊन रडले. माझा धाकटा भाऊ, फर्डिसन, आता घरी येऊ शकतो. चर्चमध्ये भजनं म्हणणारी मी, आणि असल्या निकालासाठी देवाचे आभार मानतेय. मानते. काय करू?

२३ एप्रिल

फोन केला त्याला. समोरच्या ग्वादलूप बेटावर पावाच्या भट्टीत काम करतो. बोटीनं दोन तास. एकोणीस वर्षांत एकदाही आला नाही. मी तेव्हा राजधानीत, रोझोला नोकरीला होते. कुणीतरी चौकीवर त्याचं नाव सांगितलं, पोलीस दारात आले, आणि हा घरामागच्या केळीच्या बागेतून पळाला तो थेट बोटीवर.

आईची उजवी बाजू गेलीय हे त्याला माहीत आहे. ये म्हटलं. तर म्हणाला, "ती मला दारात तरी उभं करील का गं, ताई?"

२८ एप्रिल, रविवार

पास्टर टावर्निये आज गरजले. कायदा कोर्टानं पुसला, देवानं नाही म्हणाले. सगळे आमेन म्हणाले. सवयीनं माझ्याही तोंडून निघालं! लाज वाटली. पण वादळात आमचं छप्पर उडालं तेव्हा हेच पास्टर पत्रे ठोकायला वर चढले होते. धड रागावताही येत नाही त्यांच्यावर.

३ मे

आला! अंगानं भरलाय, केस पिकलेत. आईनं पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यानं बॅग ठेवली, बाह्या सरसावल्या आणि स्वयंपाकघरात गेला.

७ मे

अळूचं सूप तोच करतो, तोच भरवतो. दोन दिवस आईनं ओठ मिटून घेतले. तिसऱ्या दिवशी उघडले. तो तिला कुशीवर वळवतो, पाठीच्या जखमा धुतो. माझी कंबर कितीतरी महिन्यांनी सरळ झाली. देवा, तुझे उपकार.

९ मे

पास्टर आईसाठी प्रार्थना करायला आले. फर्डिसन नेमका तिचं अंथरूण बदलत होता. पास्टरांनी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि चादरीचं दुसरं टोक धरलं.

प्रार्थनेत त्याचं नाव घेतलं नाही. निघताना फाटकापाशी मला म्हणाले, "माझं मत तेच आहे, एल्डिका. पण आईचं असं करणारा मुलगा माझ्या घरात नाही."

एवढंही पुष्कळ झालं.

१२ मे, रविवार

चर्चला गेले नाही. सकाळी सूप भरवताना आईनं त्याचं मनगट धरलं. जीभ जड झालीय तिची, पण शब्द स्वच्छ आले. "चौकीवर मी गेले होते. नाव मीच सांगितलं."

तो म्हणाला, "ठाऊक आहे, आई. केळीतून मागे वळून पाहिलं होतं मी. पोलिसांना घेऊन तू आली होतीस." आणि पुढचा चमचा फुंकून तिच्या ओठांशी नेला.

एकोणीस वर्षं मलाही कळू दिलं नाही त्यानं.