पडद्यावर अवेळी उतरलेल्या करकोच्याबाबत

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी,
नगरपालिका कार्यालय,
दोल्ना ब्रेस्ता.

विषय : येत्या गुरुवारी कामाच्या वेळेत बसथांब्यावर रिकाम्या हातांनी उभे राहण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि बालशिक्षण' या प्रशिक्षणात मला मिळालेले प्रशस्तिपत्र.

महोदया,

१. मी झ्लात्का मारिनोवा, 'पाकोळी' बालवाडीची शिक्षिका. सदर प्रशिक्षणानंतर माझ्या अंगात वारे शिरले होते, हे प्रांजळपणे नमूद करते. मुलांच्या नावांची गाणी, रुसलेल्या अस्वलाची गोष्ट, सारे मी टॅबलेटकडून करवून घेई. अबोल स्तोयान त्या अस्वलाची समजूत घालायला पहिल्यांदा तोंड उघडून बोलला. मग काय, मी आणखीच फुगले.

२. दि. १ मार्च रोजी रिवाजाप्रमाणे, वर्षभराच्या आरोग्यासाठी, सर्व मुलांच्या मनगटांवर लाल-पांढऱ्या दोऱ्याची मार्तेनित्सा बांधली. पहिला करकोचा दिसेपर्यंत ती काढायची नसते आणि मग बहरलेल्या झाडाला बांधायची असते, हे बल्गेरियात जन्मलेल्या बाईला कोणी सांगायला हवे का? तरीही त्याच आठवड्यात, पक्ष्यांच्या पाठासाठी, मी आमच्याच धुराड्यावर उतरणारा करकोचा कृत्रिम बुद्धिमत्तेकडून करवून भिंतभर दाखवला. अगदी हुबेहूब! बघता बघता सर्व मनगटे मोकळी झाली आणि दोरे अंगणातल्या जर्दाळूला लटकले. त्या बिचाऱ्याला अजून कळीही नव्हती.

३. पालकांनी माझी यथेच्छ हजेरी घेतली. पेन्का आजी म्हणाल्या, "आता वर्षभर पोर खोकली, तर तुझ्या त्या टॅबलेटलाच औषध विचार!" 'पडद्यावरचा करकोचा ग्राह्य धरावा काय' अशी विचारणा त्यांनी आपल्या कार्यालयाकडे केली आहे. उत्तर अद्याप आलेले नाही. नाही आले तरी चालेल.

४. खरे दुखणे निराळेच आहे. पेन्का आजींची नात सियाना पाच वर्षांची आहे. तिची आई इटलीत म्हाताऱ्या माणसांची देखभाल करते. "पहिला करकोचा आला की मी आलेच," असे सांगून ती गेली होती. त्या दिवशी सियाना दप्तर पाठीला लावून फाटकाशी बसली, ती हलेचना. शेवटी मी म्हटले, "राणी, तो करकोचा खोटा होता गं. मीच केला होता." तिने दप्तर उतरवून माझ्या पायाशी ठेवले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

५. काल धुराड्यावर खरा करकोचा उतरला. मुले नाचली. सियाना म्हणाली, "हापण बाईंनीच केलाय." सायंकाळी तिला न्यायला आलेल्या आजीच्या फोनवर तिची आई दिसली. "सोन्या, तिकीट काढलं! गुरुवारी येतेय!" पोरीने पडदा निरखून पाहिला आणि हळूच मला विचारले, "बाई, हिलापण तुम्हीच केलंत?"

६. मी नाही म्हटले. का विश्वास ठेवावा तिने? पुष्कळ विनवण्यांनंतर तिने अट घातली, "गुरुवारी तुम्ही बसपाशी उभं राहायचं. हात वर करून. तरी आई उतरली, तर ती खरी."

सबब, सोफिया शहराहून येणारी बस येईल त्या वेळेपुरती मला रजा द्यावी. टॅबलेट कपाटात बंद असेल आणि किल्ली पेन्का आजींकडे.

हात वर करण्यास तयार असलेली,
आपली नम्र,
झ्लात्का मारिनोवा
दि. २४ मार्च

सोबत : उपरोक्त प्रशस्तिपत्र, मूळ प्रत. परत नको.