सरांच्या नावाची पद्धत

ती. बाबांना,

वारज्याहून प्रियदर्शनीचा नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुमचा खोकला कसा आहे?

काल आमच्या संस्थेत सरांचा निरोपसमारंभ झाला. जुलाबाने बाळ सुकत चाललंय हे आयांना ओळखायला शिकवायची माझी पद्धत आता आफ्रिकेतही जाणार आहे. स्टेजवर तिला सरांचं नाव दिलं.

परदेशातून शिकायला आलेले माझे विद्यार्थी माझ्याकडे बघत होते, म्हणून मीही टाळ्या वाजवल्या.

नंतर म्हटलं, "सर, मला एकदा विचारायचं तरी."

"अगं, घरच्या माणसांना काय विचारायचं?" ते हसले.

बाबा, तुमच्याखालोखाल मी त्यांनाच मानत होते.

बैठकीतला त्यांचा फोटो काढून ठेवा. आईने विचारलं तर भिंत रंगवायची आहे म्हणा.

तुमची,
प्रिया