चाळीसपैकी खरे किती

तेलगाव,
५ ऑगस्ट

तीर्थरूप सत्यभामा आत्यास, तुझ्या योगिताचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मागच्या पत्रात मी ‘बारा’ लिहिलं होतं, ते चूक आहे. तेरा वाच. (पत्र जपून ठेवलं असशील तर पेनानं दुरुस्त कर, म्हणजे माझ्या जिवाला स्वस्थता.) अक्षरं तू मला मेंढरांमागं फिरताना, काठीनं मातीत काढून शिकवलीस, चुकलं की पायानं पुसून पुन्हा काढायला लावायचीस. म्हणून हेही पुसून पुन्हा सांगते. तुझा गुडघा कसा आहे? मामांचा खोकला? मागचं पत्र घाईत चार ओळींचं झालं, आता सविस्तर.

आमची कंपनी सरकीच्या तेलाची. मालक भीमाशंकर शेठ. पदवी घेऊन घरी बसलेल्यांसाठी त्यांनी तीन महिन्यांचा मोफत वर्ग काढला: कॉम्प्युटर, अर्ज लिहिणं, मुलाखतीत बोलणं. मीही त्याच चाळीसांतली. सरावाच्या मुलाखतीत स्वतःचे दोष विचारले, तेव्हा मी सतरा सांगितले (अठरावा आठवत होते, तेवढ्यात वेळ संपली). त्यावर शेठनी मला सहा महिन्यांच्या बोलीवर ठेवून घेतलं. कायम करायचं की नाही हे मॅनेजर उत्तरेश्वरराव जुलैत ठरवणार होते, आणि नेमकं जुलैतच उद्योजकांच्या एका संस्थेनं शेठना ‘जबाबदार नेतृत्वा’चा सन्मान जाहीर केला. भाषण मॅनेजरांनी लिहिलं: ‘चाळीस पदवीधर, चाळीस नोकऱ्या.’ मला ते फक्त टाईप करायचं होतं. पण खात्री न करता टाईप तरी कसं करायचं? मी चाळीसही जणांची चौकशी केली. एकीची आई फोनवर म्हणाली, “नोकरी? सर्टिफिकीट भिंतीला हाय, अन् पोरगी खुरपायला गेली.” एक जण म्हणाला, “ताई, मुलाखती आता लई झ्याक देतो मी. नोकरी तेवढी न्हाई.”

मी मॅनेजरांना सांगितलं. ते म्हणाले, “नोकरीलायक झाले ना? मग लागल्यातच जमा. अन् तुझं कायमचं पत्र माझ्या टेबलावर हाय, ध्यानात हाय ना?” ध्यानात होतं, आत्या. तरी मी चिठ्ठी लिहिली आणि मंचावर पाण्याच्या पेल्याबरोबर शेठपुढं ठेवून मागं जाऊन उभी राहिले. (‘चाळीस खरे नाहीत. माफ करा. पाणी गाळलेलं आहे.’) शेठनी ती वाचली, भाषणाची घडी घालून खिशात ठेवली आणि माईकवरूनच विचारलं, “योगिता, खरे किती?” दोनशे माणसं मागं वळली. माझ्या तोंडून गेलं, “बारा.”

मोजले होते तेरा! पण मेंढरं किती असं कुणी विचारलं तर नजर लागू नये म्हणून आपल्यात एक कमीच सांगतात, आणि भरसभेत तीच सवय बोलली. शेठ म्हणाले, “मग हा सन्मान अजून माझा न्हाई,” आणि सन्मानचिन्ह पाहुण्यांच्या हातात परत. पाहुण्यांना परत घ्यायची सवय नसावी. ते बराच वेळ तान्हं बाळ धरल्यासारखे उभे होते.

एवढा मोठा माणूस मान परत करतो आणि तोही माझ्या चुकीच्या आकड्यावर, या विचारानं मला दोन दिवस अन्न गेलं नाही. तिसऱ्या दिवशी केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. शेठ हसतच सुटले. “तुमी एक कमी सांगता, आमी दुकानदार एक वाढवून सांगतो. अन् उत्तरेश्वर सत्तावीस वाढवून मोकळा झाला! बरं, गाळलं कुणाला?” मी म्हटलं, “मलाच. मी अजून कायम कुठंय?” (‘बारा’ तोंडातून गेलं ते सवयीनंच, हे कायम नसल्याचं कारण मला केबिनच्या दारात सुचलं. तेही शेठना लगेच सांगून टाकलं.) त्यांनी माझं पत्र मागवून सही केली. मॅनेजर म्हणाले, “मी करणारच हुतो.”

आता उरलेल्या सत्तावीसांकडं दर मंगळवारी शेठ स्वतः जाणार. काय येतं, काय अडतं ते बघणार, वर्गात कमी पडलं असेल तर वर्ग बदलणार आणि चार कारखान्यांत शब्द टाकणार. या सगळ्याची आखणी माझ्याकडं आहे. टेबलावर माझ्या नावाची पाटीसुद्धा आली. चूक असेल म्हणून तीनदा वाचली, नाही निघाली. लिहायला लाज वाटते आत्या, पण मला लई अभिमान वाटतोय. शेठचाही, आणि थोडा माझाही.

तुझी (आता कायम)
योगिता

ता. क. दोष सतरा नव्हे, सोळा. ‘उगाच काळजी करते’ हा दोनदा सांगितला होता.

आणखी ता. क. पत्र खरं तर यासाठी आहे. सत्तावीसांतलं पहिलं घर तुझं. (यादी ‘अ’पासून लावली आहे, नात्यापासून नव्हे.) आपला अभिमन्यू रोज डबा घेऊन गेवराईच्या ज्या ऑफिसात जातो, ते वाचनालय आहे. तिथं तो नोकरीच्या जाहिराती वाचतो, डबा खातो आणि साडेपाचला निघतो. मला म्हणाला, आठ दिवस दे, आईला मीच सांगतो. ते काल संपले. काल म्हणाला, “ताई, तूच लिही, तुझं अक्षर बरं हाय.” त्याला रागावू नकोस. शेठना सांगितलं तर म्हणाले, पोराची हजेरी आमच्या निम्म्या कामगारांपेक्षा बरी आहे. एवढंच कर, त्या दिवशी डबा भरू नकोस, त्याला घरीच थांबव. मी शेठना घेऊन चकलांब्याला येते आहे: मंगळवार, १८ ऑगस्ट, सकाळी नऊ.