निळा रंग गेला कुठे

तीर्थस्वरूप दादास, धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार (एवढं वाकण्याचं कारण पुढे येईल).

तुझी कंबर कशी आहे? वहिनीचा खोकला? वीटभट्टी व्यवस्थित पेटते आहे ना? हा शेवटचा प्रश्न मी फार मनापासून विचारते आहे. आम्ही इकडे ठीक, म्हणजे श्वास चालू आहे. तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. घाईत लिहिते आहे, अक्षराला हसू नकोस.

आमच्या कापड रंगवण्याच्या कारखान्याचं निळं पाणी मागच्या ओढ्यात जातं, म्हणून बाटलीसाहेब (पाणी तपासणारे अधिकारी, काखेत कायम रिकाम्या बाटल्या) आज शेवटची तपासणी करायला आले. पाणी साफ निघालं नाही तर दाराला कुलूप. त्यासाठी आमचे हे कधीपासून मक्याची दाणे काढलेली कणसं पिंपात कोंडून जाळताहेत. हवा कमी दिली की त्यांचा कोळसा होतो आणि तो पाण्यातला रंग शोषून घेतो, असं यांनी कुठेतरी वाचलं. पहिल्या खेपेला नीट जळतंय का ते पाहायला यांनी झाकण उघडलं आणि सगळ्याची राख झाली (भुवयांसकट). त्याच सुमारास तू चारचौघांत म्हणालास की कोळशानं तोंड काळं होतं, पाणी गोरं होत नाही. मी तुला कच्ची वीट म्हणाले. तेव्हापासून तुझा फोन वाजतो, बोलत मात्र नाही.

आज साहेबांसमोर यांनी कोळसा भरलेल्या पिंपात मोठ्या ऐटीत वरून निळं पाणी ओतलं आणि खालच्या नळातून चक्क काळं आलं. कोळसा आधी धुवायचा असतो, हे यांना त्या क्षणी आठवलं. साहेबांनी पिशवीतून कुलूप काढून टेबलावर ठेवलं. मग आम्ही दोघांनी एकमेकांना नजरेनं खात तो कोळसा धुतला, पुन्हा निळं ओतलं, आणि दादा, थेंब थेंब पाणी आलं ते इतकं नितळ की मला रडूच आलं. साहेबांनी बाटली भरली, उजेडात धरली आणि बसून स्वतःच्या बदलीची कहाणी सांगू लागले. माझं लक्ष नळाकडे. कोळशाचं पोट भरत आलं होतं, थेंबात निळसर झाक दिसत होती. खरं तर बाटल्या दोन भरायच्या असतात. साहेब विसरले, मी आठवण करून दिली नाही. नळासमोर जाऊन उभी राहिले (मी काही बारीक नाही, नळ पूर्ण झाकला गेला).

निघता निघता साहेब म्हणाले, "पाणी साफ झालं, मान्य. पण निळा रंग गेला कुठे?" गेला होता कोळशात, आणि तो कोळसा ओढ्याकाठी टाकला तर रंग पुन्हा पाण्यातच. हे पिंपाकडे पाहू लागले. माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्या दादाच्या भट्टीत जाळणार. तो कबूल झालाय."

बाकी समक्ष बोलू, समक्ष बोलण्याइतका राग उरला असेल तर.

तुझी,
भांडखोर पण अडलेली बहीण

ता.क. तू कबूल झाला आहेस, हे तुला कळवायचं राहिलं होतं. भट्टीच्या मालकाची लेखी संमती लागते. कच्ची वीट हे शब्द मागे घेते. पक्की वीट.

आणखी एक ता.क. पत्र घेऊन आलेल्या गृहस्थांना आधी खुर्ची दे. तेच बाटलीसाहेब. तडक तुझी भट्टी पाहायलाच निघाले होते, दोन ओळी लिहून देते म्हणून थांबवलंय. बाहेर चहाचा दुसरा कप चालू आहे.

शेवटचा ता.क. डिंक संपलाय, पाकीट उघडंच जाणार. तेव्हा साहेब, हे तुमच्यासाठी. दुसरी बाटली भरून तुमच्या पिशवीत ठेवली आहे. निळसर आहे. कोळसा बदलून, धुऊन ठेवते, पुन्हा तपासा. आणि दादा नाही म्हणालाच, तर कुलूप लावायला तुम्हीच या, दुसऱ्या कोणाला पाठवू नका. रडताना समोर निदान ओळखीचं माणूस असेल.