नाक आपलं, दुखणंही आपलं

तीर्थरूप आईस,

पाया पडतो आणि आधी आनंदाची बातमी सांगतो. आपल्या तान्ह्या चिमणीच्या आकड्या थांबल्या! कालपासून एकही नाही. सकाळी काचेच्या पेटीतून बाहेर काढली, तर भुकेनं असं भोकाड पसरलं की नर्सबाईंनाही हसू आलं.

कुठलंच औषध लागू पडेना, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांचं रक्त घेऊन सगळी जनुकं तपासली. तीन दिवसांत दुखणं सापडलं. उपाय काय, तर एक साधं जीवनसत्त्व! मात्र रोज, जन्मभर. चिमणीचा हात अजून जरा थरथरतो, पण थांबेल म्हणतात.

‘नाक आपल्या घरचं आणि दुखणं सुनेच्या माहेरचं,’ असं तू लिहिलं होतंस. मी सरळ डॉक्टरीणबाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "आईकडून एक दोष आलाय, तुमच्याकडून एक. दोन्ही जुळल्याशिवाय हा आजार होतच नाही."

हे ऐकून तुझी सून पंधरा दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली.

तुझे गुडघे कसे आहेत? बाबा फिरायला जातात ना?

तुझं ते पत्र मी हिच्यापासून लपवून ठेवलंय. आता एक हिच्याच नावानं लिही, लपवावं लागणार नाही असं.

तुझाच,
धाकटा